काढून टाकलेला कोच

१२ ऑक्टोबर, रविवार

बियाण्याच्या कंपनीवाले दरवर्षी डायरी देतात आणि दरवर्षी ती कोरीच रद्दीत जाते. या वर्षी लिहायला घेतली, कारण ही गोष्ट लाखनीत कोणाला सांगायची सोय नाही, आणि पोटात ठेवली तर मला जेवण जात नाही.

सकाळी टीनाचा फोन आला. टीना म्हणजे आमची एकुलती एक. पुण्याच्या कंपनीने तिला स्लोव्हाकियाला पाठवलं, मोटारी बनवायच्या कारखान्यात इंजिनीअर म्हणून, त्याला आता काही वर्षं झाली. म्हणाली, "बाबा, दिवाळीले येऊन राहिली मी. सोबत एक जण आहे." कोण एक जण, तर ओंद्रेय म्हणून आहे कोणी. तिकडचाच. त्याच्याशी लग्न करायचं आहे म्हणे. पण तुझा बाप हो म्हणेल तरच करू, असं त्यानेच सांगून ठेवलं आहे. म्हणजे सगळं ओझं आणून माझ्या डोक्यावर ठेवलं.

मी विचारलं, "करते काय तो?"

"हॉकीचा कोच आहे. आधी स्वतः खेळायचा."

खरं लिहितो, जरा वेळ मला बरं वाटलं. हॉकी तर आपलीच. शाळेत आम्हीही बाभळीच्या वाकड्या काठीने खेळलो आहोत. मग ती म्हणाली, बर्फावरची हॉकी. असं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. तिने व्हिडिओ पाठवला. पायात लोखंडी पात्यांचे बूट घालून माणसं अशी सुसाट पळतात की कोण कोणाचा ते कळत नाही. मधे रबराची काळी चकती असते म्हणे, ती मला एकदाही दिसली नाही. मग दोघांनी हातमोजे फेकले आणि एकमेकांना बडवायला लागले, आणि पंच बाजूला उभा राहून बघत राहिला. सोडवायला कोणी म्हणता कोणी गेलं नाही.

टीनाच्या आईला, रत्नाला, आत जाऊन एवढंच सांगितलं की टीना दिवाळीला कोणाला तरी सोबत आणते आहे. कोण, कुठला, काहीच बोललो नव्हतो. ती कणीक मळत म्हणाली, "आपलं तिखट झेपंल का जी त्याले? त्यांच्याकडे सगळं उकडलेलंच खातात." घाबरली नाही, रडली नाही, मला उलट काही विचारलंही नाही. माणसाला एकदम धक्का बसला की असं होतं कधी कधी. तिची काळजी वाटते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मुलगी द्यायची तर आधी चौकशी करायची, ही आपली रीत. त्या गावात कोणी सोयरा निघतो, नाही तर कृषी केंद्रवाला ओळखीचा असतो. पानठेल्यावर उभं राहून दोन इकडच्या दोन तिकडच्या गोष्टी केल्या की मुलगा पितो का, भावाभावांचं जमतं का, सगळं बाहेर पडतं. आता स्लोव्हाकियात मी कोणत्या पानठेल्यावर जाऊन उभा राहू?

शेवटी कैलाशला बोलावलं. कैलाश म्हणजे रत्नाचा भाऊ, शाळेत इंग्रजी शिकवतो आणि तोंडाचा घट्ट आहे. त्याने मोबाइलवर ओंद्रेयचं नाव टाकलं आणि म्हणाला, "भाऊजी, याची त जन्मकुंडलीच आहे इथं."

ती कुंडली काही चांगली नाही. माणूस अठराव्या वर्षापासून खेळला, पण एका टीममध्ये दोन हिवाळे काढले तर खूप. एका साली तर अर्धा हिवाळा इथे आणि अर्धा तिथे. गोल म्हणाल तर हाताच्या बोटावर मोजण्याइतके. एका साली फक्त एक. मी म्हटलं, "पूर्ण सालभर खेळून एक?" कैलाश म्हणाला, "पूर्ण साल." आणि बाजूला वेगळा रकाना, शिक्षा म्हणून किती वेळ बाहेर बसवलं त्याचा. तो मात्र भरगच्च. तासन्‌तास बसवलेला आहे.

मग कोच झाला. तीन टीमचा कोच होता आणि तिन्ही टीमने मधेच काढून टाकला. शेवटचं काढणं तर याच महिन्यातलं आहे. म्हणजे आजच्या तारखेला तो काहीच करत नाही. तीन दुकानांतून काढलेला मुनीम माझ्याकडे आला असता तर मी त्याला चहासुद्धा पाजला नसता.

कैलाश म्हणाला, "भाऊजी, आपल्याले त्या खेळातलं समजत नाही, एवढं नक्की." मी म्हटलं, काढून टाकणं समजायला खेळ समजावा लागत नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

टीनाला फोन लावून एकेक गोष्ट विचारली. भांडायचं ठरवूनच बसलो होतो.

इतक्या टीम काहून बदलल्या, तर म्हणे टीमकडचा पैसा आटला की ते खेळाडू दुसऱ्या टीमला देऊन टाकतात. मी म्हटलं, "देऊन टाकतात म्हणजे काय? बैल आहे का तो?" ती म्हणाली, "थोडंफार तसंच बाबा."

गोल काहून नाहीत, तर तो मागे खेळायचा. "त्याचं काम गोल करणं नव्हतं बाबा. होऊ न देणं होतं."

"मंग न झालेले गोल कुठं लिहून ठेवले आहेत?"

ती म्हणाली, "ते कोणी लिहीत नाही."

मला वाटलं आता बरोबर पेचात पकडली. पण ती तिकडे हसत होती.

शिक्षेचं विचारलं. समोरच्या टीमने आपल्या एखाद्या लहान पोराला दांडगाईने पाडलं की हा जाऊन त्यांना भिडायचा, आणि मग पंच याला बाहेर बसवायचा. मी म्हटलं, म्हणजे दुसऱ्याच्या भांडणात पडायची सवय आहे. ती म्हणाली, "हाव. त्याच्यासाठीच ठेवत होते त्याले." हे नोकरीचं काम कसं असू शकतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. फोन ठेवला तेव्हा मी जिंकलो की हरलो तेही कळलं नाही.

आमच्या शाळेच्या भूगोलात चेकोस्लोव्हाकिया एकच होता. आता दोन झाले. कैलाश म्हणतो, भांडण न करता वेगळे झाले. हे एक बरं वाटलं. आम्ही भाऊही तसेच वेगळे झालो, श्रावणदादा आंबागडला शेतीवर राहिला आणि मी लाखनीला धानाच्या दुकानावर आलो. अजूनही घरातली कोणतीही गोष्ट दादाच्या हो शिवाय होत नाही. आणि दादाला मी हे कोणत्या तोंडाने सांगू?

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

आले. नागपूरहून गाडी करून दुपारी आले.

माणूस दारात मावत नाही. नाक एका बाजूला बसलेलं, वरच्या ओठावर जुना व्रण, समोरचे दोन दात खोटे. पण डोळे शांत आहेत, म्हशीसारखे. टीनाने पाया पडायचं शिकवून आणलेलं दिसतं. माझ्या पडला, रत्नाच्या पडला, कैलाशच्या पडला, आणि त्याच दमात दुकानातल्या मंगरू हमालाच्याही पडला. मंगरू पोतं टाकून दूर पळाला.

मांडी घालून बसता येत नाही त्याला. गुडघे वाळल्या लाकडासारखे वाजतात. रत्नाने आतून उंच पाट आणून दिला. हा पाट आमच्याकडे नव्हता. विचारलं तर म्हणाली, मागच्या महिन्यात सुताराकडून करून घेतला, घरात असला की कामात येतो. तिला कधी कोणत्या वस्तूची हौस येईल सांगता येत नाही.

जेवताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण भाकर सोडली नाही. प्रत्येक वेळी "अजून" म्हणतो. तेवढा एक शब्द त्याला येतो.

संध्याकाळी दुकानासमोर ही गर्दी. हायवेवरचे ट्रकवालेसुद्धा थांबून बघत होते. बाजूच्या दुकानवाल्याने विचारलं, "भैय्यालालजी, कोण होय हे?" मी काय सांगणार होतो? तोंडातून निघून गेलं, "टीनाच्या तिकडचे साहेब आहेत. आपलं धान बघायले आले."

टीना मागे उभी होती. आत जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

माझंच बोलणं मला भोवलं. सकाळपासून दुकानात रांग. विदेशी पार्टी आली म्हणून जो तो कागदाच्या पुडीत चिन्नोर तांदळाचा नमुना बांधून घेऊन येतो आणि ओंद्रेयच्या हातात देतो. तो बिचारा मान डोलावतो, वास घेतो, चार दाणे तोंडात टाकून चावतो आणि "अजून" म्हणतो. ते ऐकून एका व्यापाऱ्याने घरून आणखी एक पोतं आणून दारात टाकलं. माझ्या घरात आता लोकांच्या तांदळाच्या पुड्याच पुड्या झाल्या आहेत.

त्याला वाटतं, नवीन पाहुण्याला तांदूळ देण्याची इकडे रीत आहे. टीनाने त्याला खरं सांगितलं नाही. मी विचारलं, काहून सांगितलं नाही, तर म्हणाली, "त्याले सांगू का, की बाबाले तुझी लाज वाटते?"

मी म्हटलं, लाज नाही गं. आणि उठून गल्ल्यावर जाऊन बसलो. दिवसभर मी कोणाचा भाव कोणाला सांगितला देव जाणे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. दुपारी ओंद्रेयला तिकडून फोन आला. तो मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ हळू आवाजात बोलला. मग परत येऊन रत्नाजवळ बसला आणि वालाच्या शेंगा सोलू लागला. त्याला सोलता येत नाहीत, दाणे उडून अंगणभर जातात, तरी रत्ना त्याला रोज शेंगा देते.

टीनाला विचारलं, कोणाचा फोन? म्हणाली, एका मोठ्या टीमचा होता. त्यांच्या कोचला काढलं, तू लगेच ये म्हणतात.

मला इतका आनंद झाला की मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "वा, मग कधी निघतो?"

"नाही म्हणाला तो त्यांले."

"नाही? नोकरी दारात आली आणि नाही म्हणाला?"

"ते या आठवड्यातच बोलवत होते बाबा. तो म्हणतो, इथलं काम झालं नाही."

इथे याचं काय काम आहे? शेंगा सोलणं? मी टीनाला मधे बसवून त्यालाच विचारलं, की बाबा रे, आता तू पुढे काय करशील? तो म्हणाला, वाट पाहीन. कुठे ना कुठे एखादी टीम हरायला लागेल, तिथला कोच काढतील, मग मला बोलावतील. मी म्हटलं, म्हणजे दुसऱ्याचं वाईट व्हायची वाट बघत बसायची? तो म्हणाला, हो. आणि मी जिथे असतो तिथे दुसरा कोणी माझी वाट बघत असतो. ज्याला काढलं त्याला आधी फोन करून बोलतो, आणि मगच त्याच्या खुर्चीत बसतो.

आणि हे सगळं त्याने मला असं सांगितलं, जसं मी सांगतो की यंदा धानाला मावा पडला.

रत्नाला म्हटलं, हा माणूस वेडा आहे की फार शहाणा आहे, माझं डोकं चालत नाही. तिने विचारलं, "टीना कशी दिसून राहिली तुम्हाले?" मी म्हटलं, ती मजेत आहे, तिला काय झालं? तर ती म्हणाली, "मंग झालं तर." आणि शेंगांचं टोपलं घेऊन उठली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

ज्याची भीती होती तेच झालं. आंबागडहून श्रावणदादाचा फोन. "काय गा भैय्यालाल, तुझ्याकडे विलायतची पार्टी आली म्हणते, आणि मले मंडईच्या दुकानदाराकडून कळते? रविवारी आपल्या गावची मंडई आहे. साहेबाले घेऊन ये. पाव्हणा म्हणून स्टेजवर बसवू."

आता आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, तिथे सगळे सोयरेधायरे जमतात, नाचगाण्याची दंडार होते, कबड्डी होते, आणि निम्म्या सोयरिकी तिथेच जुळतात. लग्नाची मुलगी सोबत असताना परका तरुण घेऊन मंडईत जाणं म्हणजे काय, हे लहान लेकरालाही कळतं. पण दादा या म्हणाला म्हणजे जावंच लागतं. उद्या आजारी पडावं का, असाही विचार केला. पण आजारी पडलो तर दादा लाखनीलाच येईल.

रत्ना पिशवी भरायला लागली आहे. आजच. मी म्हटलं, रविवारला अजून अवकाश आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

काल मंडई झाली. आज सकाळी आंबागडलाच दादाच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. डोकं ठिकाणावर नाही. जसं आठवेल तसं लिहितो.

गेलो तेव्हा दंडार सुरू होती. खाली शेतातल्या बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा तशाच पडलेल्या, सगळा गाव मंडईत. दादाने ओंद्रेयला हार घातला, स्टेजवर बसवलं आणि माइक घेऊन सांगितलं, की हे साहेब आपला तांदूळ विलायतेला नेणार आहेत. टाळ्या पडल्या. तेवढ्यात टीना दादाजवळ गेली आणि शांतपणे म्हणाली, "मोठेबाबा, हे धान घेत नाहीत. हे कोच आहेत."

"कायचे कोच?"

"खेळाचे. पोरांले खेळ शिकवतात."

मी दोन पावलं मागे सरकलो. पण दादा उलट खूश झाला. कबड्डीची फायनल आंबागड आणि चिखल्याची होती. चिखल्याची पोरं खाणीत काम करणारी, दांडगी, आणि मागच्या वर्षी बक्षिसाची ढाल तीच घेऊन गेली होती. दादा म्हणाला, "मंग वर कायले बसवलं याले? पोरांजवळ बसवा." आणि मला न विचारता त्याला मैदानाच्या कडेला नेलं. टीना बोलणं समजवायला सोबत गेली.

हा माणूस पहिल्यांदाच मला वेगळा दिसला. घरात पाट सांभाळून बसणारा, पण रेषेजवळ उभा राहिला तेव्हा त्याचे गुडघे वाजत नव्हते. कबड्डी त्याने कधी पाहिली नव्हती. थोडा वेळ नुसता बघत राहिला, मग एकेका पोराला खांद्याला धरून काहीतरी सांगू लागला. मागच्या दोघांना जवळजवळ उभं केलं, आणि चिखल्याचा मोठा चढाईवाला तिथेच सापडला. दादा मांडीवर हात मारून हसला. मलाही बरं वाटलं. का वाटलं ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

आमच्याकडे सगळा भरवसा अमरवर. अमर म्हणजे गावचा सगळ्यात चांगला खेळाडू, एकटा जाऊन तिघांना मारून येणारा. खेळ शेवटाकडे आला होता आणि आपण पुढे होतो. अमरची चढाई झाली, चिखल्याच्या चौघांनी त्याला उचलून आपटलं आणि त्याचं डोकं जमिनीवर पडलं. तो उठला, माती झटकली, हसला, आणि परत उभा राहायला निघाला.

ओंद्रेयने त्याचा दंड पकडला. टीनाकडून विचारलं, "आज कोणाशी खेळून राहिला?" अमरने इकडे तिकडे पाहिलं आणि जरा वेळाने म्हणाला, "चिखल्याशी." बरोबरच सांगितलं की. पण ओंद्रेयने मान हलवली, त्याला खाली बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर पाय फाकून उभा राहिला. अमर शिव्या देत होता, बाजूने निघायला बघत होता, हा हलत नव्हता. त्याच्या जागी कोणी कच्चा पोरगा आत पाठवला. लोक ओरडायला लागले, "अमरले सोड." कोणीतरी चप्पल फेकली, ती टीनाच्या पायाजवळ पडली. तरी हलला नाही.

आपण हरलो. थोडक्यात हरलो. ढाल परत चिखल्याला गेली.

दादा बक्षीस द्यायला उभा होता, हातात माइक तसाच. त्याचा चेहरा काळा पडला होता. म्हणाला, "कोणं आणला हा माणूस? खेळता पोरगा काढून बसवते. आमच्या हातातली ढाल घालवली यानं." सगळ्या भोंग्यांतून ते गावभर गेलं.

ओंद्रेय पुढे आला. डोक्यावरची टोपी काढली आणि काहीतरी बोलला. टीनाने सांगितलं, "तो म्हणते, पोरांची काही चूक नाही. हरलो ते माझ्यामुळे." तो हात मागे बांधून, मान ना वर ना खाली, असा उभा होता. मला एकदम वाटलं, तीनही वेळा काढलं तेव्हा हा असाच उभा राहिला असेल. पोरांना काढता येत नाही म्हणून याला काढतात, आणि याला ते माहीत असतं, आणि तरी हा परत कुठेतरी जाऊन उभा राहतो. मला त्याचा राग आला, की काहीतरी बोल ना बापा स्वतःसाठी. एवढा मोठा देह आहे.

"मी इचारून राहिलो, आणला कोणं?" दादा परत म्हणाला.

सगळे सोयरे तिथेच होते. लाखनीचे दोन व्यापारीही होते, ज्यांच्या पुड्या माझ्या घरी पडल्या आहेत. मी मधे जाऊन उभा राहिलो. गेलो कसा ते आठवत नाही. म्हटलं, "दादा, मी आणला. जावई आहे माझा."

माइक दादाच्या हातात होता आणि मी त्याच्या अगदी जवळ उभा होतो. दंडारवाल्यांचा ढोलसुद्धा बंद पडला.

ओंद्रेयने टीनाला विचारलं, मी काय बोललो. तिने सांगितलं नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटतं, न सांगताच त्याला कळलं, कारण हारातली झेंडूची फुलं तो एकेक करून तोडायला लागला, मोठा माणूस असून. मी चष्मा पुसला. धूळ फार होती.

दादाने माइक खाली ठेवला आणि घराकडे चालायला लागला.

ओंद्रेयने हट्ट धरून अमरला मोटरसायकलवर तुमसरला डॉक्टरकडे पाठवलं. दिवेलागणीला ते परत आले. डॉक्टरने तपासून सांगितलं, पोरगा ठणठणीत आहे, काहीच झालं नाही. म्हणजे उगाच बसवलं. उगाच हरलो. मी हे ओंद्रेयला मुद्दाम स्वतः जाऊन ऐकवलं, की बघ, तुझी चूक झाली. तर तो मोठ्याने हसला आणि अमरला छातीशी धरून उचललं. अमरला काही समजेना, मलाही समजेना. टीना म्हणाली, "बाबा, त्याले असंच लागलं होतं एकदा. कोचनं बाहेर काढलं नाही, हा खेळत राहिला. मंग किती दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होता, उजेड पाहवत नव्हता. त्याच्यानंतर कधीच खेळला नाही."

मी म्हटलं, पण अमरला तर काही झालं नव्हतं. ती म्हणाली, "हाव ना." आणि तीही हसायला लागली. ढाल गेली, सगळ्या गावाच्या शिव्या खाल्ल्या, याचा अंदाज चुकीचा निघाला, आणि हे दोघे दिवाळी असल्यासारखे हसत होते. मला अजून त्याचा नीट उलगडा झालेला नाही.

घरी जायला पाय उचलत नव्हता. दादा ओसरीवर बसलेला, तोंड फिरवून. आमच्या घरची रीत आहे, जावई पहिल्यांदा घरी आला की घरातल्या सगळ्यात मोठ्याने त्याचे पाय धुवायचे. मला वाटलं होतं, आज काही दादा उठत नाही. पण मंडईत चार लोकांसमोर शब्द गेला होता, आणि दादा रीत सोडणारा माणूस नाही. वहिनीला म्हणाला, "परात आन."

रत्नाने पिशवीतून टोपी, दुपट्टा, नारळ, सगळं जावयाला द्यायचं सामान काढलं. मी विचारलं, हे कुठून? म्हणे, मंडईला जाताना असू द्यावं सोबत. आहे बाई हुशार.

ओंद्रेयला खुर्चीवर बसवलं. त्याने पाय मागे ओढले. वडीलधारा माणूस, त्यात आपल्यामुळे हरलेला, त्याने आपल्या पायाला हात लावावा हे त्याला नको होतं. दादा म्हणाला, "पाय दे गा." आणि बूटमोजे काढायला लावले. पाणी ओतत होता आणि तोंडाने चालूच होतं, अमरले बसवायले नको होतं, कबड्डीतलं काय समजते याले.

मग एकदम तांब्या खाली ठेवून पाय उजेडाकडे वळवला. मी वाकून पाहिलं. घोट्यांजवळ हाडाच्या मोठमोठ्या गाठी, बोटं एकमेकांवर चढलेली, टाचेला जुने घट्टे. असे पाय मी नांगर धरणाऱ्याचेही पाहिले नाहीत.

"हे कायनं झालं?" दादाने विचारलं.

"बुटानं, मोठेबाबा," टीना म्हणाली. "पाचव्या वर्षापासून घालतात ते."

दादाने तो पाय बराच वेळ हातात धरून ठेवला. मग परत पाणी ओतलं, एकदा ओतून झालेलं होतं तरी. परातीजवळ नवा दुपट्टा होता, पण त्याने खांद्यावरच्या आपल्याच दुपट्ट्याने पाय पुसले. दोन्ही. बोटांच्या मधूनसुद्धा.

उठताना माझ्याकडे बघून म्हणाला, "तुले सांगून ठेवतो भैय्यालाल, पुढच्या मंडईत याले मैदानात येऊ देजो नको. घरीच बसवजो. माझ्याजवळ."

दादाचा राग काही गेलेला नाही. तो आत गेल्यावर बघतो तर टीना आणि रत्ना दोघी भिंतीला टेकून रडत होत्या. मी विचारलं, आता काय झालं? रत्ना म्हणाली, "काही नाही जी, तुम्ही जेवायले बसा."